एच-१बीचे नियम रोज बदलतायत: नोकरी बदलू का, भारतात जाऊन येऊ का?

विचारणाऱ्यांची परिस्थिती थोडक्यात अशी आहे. नऊ वर्षं अमेरिकेत, एच-१बीवर, म्हणजे कंपनीच्या अर्जावर मिळणाऱ्या कुशल कामाच्या व्हिसावर. ग्रीन कार्डाच्या ईबी-२ वर्गात आय-१४० (कंपनीने केलेला ग्रीन कार्डाचा अर्ज) मंजूर, प्रायॉरिटी डेट (रांगेतली तारीख) २०१९ ची. स्वतःच्या एच-१बीची आणि पत्नीच्या एच-४ ईएडीची (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या काम करण्याच्या परवान्याची), दोन्हीची मुदत सात महिन्यांनी संपतेय. पासपोर्टवरचा व्हिसा जुन्या कंपनीच्या नावाचा आणि तोही संपलेला. मुलगा तेरा वर्षांचा, भारतात जन्मलेला. दुसऱ्या कंपनीची चांगली ऑफर आली आहे, आणि वडिलांचं ऑपरेशन व्हायचं असल्यामुळे भारतात जायचं आहे. प्रश्न: "एक लाख डॉलरचा नियम मला लागू आहे का? नोकरी बदलू का? भारतात जाऊन येऊ का? की सरळ गाशा गुंडाळू?"

मी बरीच वर्षं कंपन्यांच्या बाजूने एच-१बीच्या फायली तयार करण्याचं काम करते आहे. नियमबदलाचा फटका माणसाला बसल्या जागी फारसा बसत नाही, तो हालचाल करताना बसतो, असं माझं निरीक्षण आहे. नवा अर्ज टाकताना, कंपनी बदलताना, मुदत वाढवताना, देशाबाहेर जाऊन परत येताना. मंजूर झालेला कागद सहसा त्याच्यावरच्या तारखेपर्यंत चालतो. म्हणून तुमचा प्रश्न मी असा वाचते: येत्या वर्षभरात तुम्हाला अशा किती हालचाली करायच्या आहेत, त्यातल्या कोणत्या पुढे ढकलता येतील आणि उरलेल्या कोणत्या क्रमाने करायच्या? तुमच्या बाबतीत अशा चार हालचाली आहेत: तुमची मुदतवाढ, पत्नीची मुदतवाढ, कंपनीबदल आणि प्रवास. चारही एकाच सात महिन्यांत आल्यात, हीच खरी अडचण आहे.

त्याआधी "रोज नवा नियम येतोय" याबद्दल. नियम चार वेगवेगळ्या ठिकाणांहून बदलतात आणि प्रत्येकाचा वेग वेगळा असतो. काँग्रेसचा कायदा सगळ्यात संथ. आजची एच-१बी १९९० च्या कायद्यातून आली, ६५ हजारांची वार्षिक मर्यादाही तिथलीच. मधली काही वर्षं ती १ लाख ९५ हजारांपर्यंत गेली आणि परत खाली आली. अमेरिकी मास्टर्सवाल्यांसाठीच्या जादा २० हजार जागा २००४ च्या कायद्याने आल्या. त्यानंतर या आकड्यांना कोणी हात लावलेला नाही. दुसरं ठिकाण म्हणजे इमिग्रेशन खात्याची नियमावली. इथे आधी मसुदा येतो, हरकती मागवतात, मग अंतिम नियम, म्हणजे तयारीला वेळ मिळतो. तिसरं, राष्ट्राध्यक्षांचा आदेश. चौथं, परराष्ट्र खात्याचं आणि वकिलातींचं धोरण. शेवटची दोन एका रात्रीत बदलू शकतात, आणि २०२५ पासून लोकांची झोप त्यांनीच उडवली आहे.

एच-४ ईएडीचंच बघा. तो नियम मे २०१५ मध्ये आला आणि त्याच्यावर लगेच खटला झाला. पुढच्या सरकारने तो रद्द करण्याचा घाट घातला, तो प्रस्ताव जानेवारी २०२१ मध्ये मागे घेतला गेला. खटला मात्र चालूच राहिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायलाच नकार दिला. दहा वर्षं "यंदा जाणार" म्हणत होते, ती सोय अजून आहे. उलट मुलाखतीशिवाय, नुसते कागद जमा करून (ड्रॉपबॉक्सने) स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का, होणं ही लोकांनी गृहीत धरलेली गोष्ट २ सप्टेंबर २०२५ पासून एच-१बीसाठी बंद झाली, फारसा गाजावाजा न होता. त्यामुळे एखाद्या बातमीवर किती आरडाओरडा आहे यावरून ती तुम्हाला किती लागते हे ठरवू नका. बातमी या चारपैकी कुठून आली आणि तुमच्या कोणत्या हालचालीला लागते, एवढंच बघा.

आता एक लाख डॉलर. नव्या एच-१बी अर्जासाठी कंपनीने एवढी रक्कम भरावी, अशा राष्ट्राध्यक्षांच्या आदेशावर १९ सप्टेंबर २०२५ ला, शुक्रवारी, सही झाली आणि रविवारी मध्यरात्रीपासून तो लागू झाला. मधल्या शनिवारी काय गोंधळ झाला ते सगळ्यांना आठवत असेल. कंपन्यांनी बाहेर असलेल्यांना "ताबडतोब परत या" म्हणून कळवलं, सुटायच्या बेतात असलेल्या विमानांतून लोक उतरले. आधी ही रक्कम दरवर्षी भरायची असं सांगितलं गेलं, मग एकदाच आणि फक्त नव्या अर्जासाठी असा खुलासा झाला. इमिग्रेशन खात्याचं नीट स्पष्टीकरण २० ऑक्टोबरला आलं. त्याचा तुमच्यापुरता अर्थ असा: तुम्ही अमेरिकेत कायदेशीर स्टेटसमध्ये असताना मुदतवाढीचा किंवा कंपनीबदलाचा अर्ज केला आणि मुदतवाढ इथल्या इथे मंजूर झाली, तर ही रक्कम लागत नाही. त्या मंजुरीवर नंतर बाहेर जाऊन स्टॅम्पिंग केलं तरी लागत नाही. तुमची आत्ताची मंजुरी या आदेशाच्या आधीची आहे, तिलाही लागत नाही.

मग लागते कधी? २१ सप्टेंबर २०२५ ला किंवा त्यानंतर अर्ज झाला, माणूस देशाबाहेर आहे आणि त्याच्याकडे वैध एच-१बी व्हिसा नाही, तेव्हा. किंवा माणूस आत आहे, पण तो स्टेटसमध्ये नव्हता म्हणून खात्याने मुदतवाढ नाकारली आणि "बाहेर जाऊन व्हिसा घेऊन या" म्हटलं, तेव्हा. पहिलं वाक्य परत वाचा, कारण तुमच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला आहे. समजा तुम्ही भारतात स्टॅम्पिंगसाठी गेलात, तारीख लांबली, आणि तेवढ्यात कंपनीने कपात केली. अमेरिकेत असता तर दुसऱ्या कंपनीने नेहमीच्या खर्चात ट्रान्सफर केला असता, म्हणजे एच-१बी आपल्या नावावर करून घेतला असता. भारतात अडकलेल्या अवस्थेत त्याच दुसऱ्या कंपनीला तुमच्यासाठी एक लाख डॉलर मोजावे लागतील, आणि फार थोड्या कंपन्या ते मोजतील. मला या सगळ्या बदलांमधली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. पूर्वी नोकरी जाण्याचा धोका आणि प्रवासाचा धोका हे दोन वेगळे धोके होते, आता ते एकमेकांत गुंतले आहेत. सीमेच्या आत असण्याला स्वतःची एक किंमत आली आहे. त्यामुळे कंपन्या आता आधीच आत असलेल्या माणसांच्या मागे जास्त लागतात. तुमच्या हातातल्या ऑफरमागेही थोडं ते कारण असू शकतं. पगाराची घासाघीस करताना लक्षात ठेवायला हरकत नाही.

वार्षिक मर्यादेतल्या जागांसाठीच्या लॉटरीचे नवे नियम तुम्हाला लागत नाहीत, कारण तुम्ही त्या मर्यादेत एकदा मोजले गेले आहात. पण घरात कोणी ओपीटीवर (पदवीनंतरच्या तात्पुरत्या काम-परवान्यावर) असेल तर त्यांना सांगा: २०२६ च्या नोंदणीपासून निवड पगाराच्या पातळीनुसार होते. चौथ्या पातळीच्या पगाराला चार चिठ्ठ्या, पहिल्या पातळीला एक. नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलांवर हा बदल सगळ्यात कठोर आहे, आणि सध्याच्या कर्मचाऱ्यांच्या चर्चेत त्यांचा आवाज जवळपास ऐकूच येत नाही.

प्रवासाचं बोलू. पासपोर्टवरचा व्हिसा म्हणजे दारातून आत येण्याची परवानगी. आत राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क आय-९४ (प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) आणि मंजुरीच्या कागदावर असतो. म्हणून व्हिसा संपला तरी तुम्ही आज पूर्ण कायदेशीर आहात. बाहेर पडलात की मात्र परत येण्यासाठी नवा शिक्का लागणार. पूर्वी लोक कॅनडा, मेक्सिकोत जाऊन आठवड्यात शिक्का घेऊन यायचे. ६ सप्टेंबर २०२५ पासून अर्ज मायदेशात किंवा तुम्ही राहता त्या देशात करावा, असं धोरण आहे. २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेतच व्हिसा नवा करून देण्याचा एक छोटा प्रयोग झाला होता, २० हजार जागांचा. तो पुढे सुरू राहिला नाही. म्हणजे उरल्या भारतातल्या वकिलाती. तिथे १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ वाल्यांची समाजमाध्यमांवरची खातीही तपासली जातात, ती सार्वजनिक ठेवायला सांगतात. या तपासणीमुळे डिसेंबरातल्या ठरलेल्या मुलाखती एकगठ्ठा रद्द होऊन कित्येक महिने पुढे गेल्या. सुट्टीला म्हणून आलेली माणसं तिकडेच अडकली. शिवाय मुलाखत झाल्यावर २२१(जी)ची, म्हणजे निर्णय तपासणीसाठी थांबवल्याची, चिठ्ठी मिळू शकते, ती किती दिवसांची हे कोणीच सांगत नाही.

वडिलांचं ऑपरेशन कधी आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझं उत्तर त्यावर बरंच अवलंबून आहे. येत्या दोन महिन्यांत असेल आणि तुमची तिथे गरज असेल, तर जा. पण मग कंपनीबदलाचा विषय सध्या मिटवा आणि आत्ताच्या कंपनीच्याच कागदांवर जा. तुम्हाला ओळखणारा मॅनेजर तीन महिने वाट बघतो. नव्या कंपनीत हजर होऊन महिनाभरात गायब झालेल्या माणसासाठी सहसा कोणी थांबत नाही. जाण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या: परत येणं लांबलं तर भारतातून काम करता येईल का, किती दिवस, पगार कोणत्या देशातून. बऱ्याच कंपन्या करामुळे किंवा ग्राहकाच्या करारामुळे याला परवानगी देत नाहीत, आणि ते विमानतळावरून परत फिरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. अशा वेळी बिनपगारी रजा किती मिळेल हा पुढचा प्रश्न विचारा.

ऑपरेशन सहा-आठ महिने पुढे ढकलता येण्यासारखं असेल, तर आधी ट्रान्सफर. अर्ज अमेरिकेत बसून करायचा, तीन वर्षांची मुदत मागायची (आय-१४० मंजूर असल्यामुळे सहा वर्षांनंतरही ती मिळते), प्रीमियमने (जादा शुल्क भरून) करायचा म्हणजे १५ कामकाजाच्या दिवसांत खातं काहीतरी उत्तर देतं, आणि मंजुरी हातात येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. २००० सालच्या कायद्याने अर्ज दाखल होताच नव्या कंपनीत रुजू होता येतं, ते आजही खरं आहे. तरी मी सध्या सगळ्यांना मंजुरीपर्यंत थांबायला सांगते. पावतीवर राजीनामा दिला आणि अर्ज नाकारला गेला, तर जुनी नोकरीही गेलेली असते. तीन आठवड्यांच्या उशिराने ऑफर मागे घेणारी कंपनी अशीही तुमच्यासाठी फार काही करणार नव्हती.

ट्रान्सफरमध्ये आणखी एक बघायचं. जानेवारी २०२५ पासूनच्या नियमावलीत तुमची पदवी आणि कामाचं स्वरूप यांचा थेट संबंध दाखवावा लागतो. त्याच नियमावलीत, तीच कंपनी, तोच कर्मचारी आणि तीच वस्तुस्थिती असेल तर आधीच्या मंजुरीचा मान ठेवायचा, हेही लिहिलं आहे. हा मान २०१७ मध्ये काढून घेतला होता, तेव्हा वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या मुदतवाढी अडकायला लागल्या होत्या. कंपनी बदलली की तो आधार मिळत नाही, कारण अर्जदार नवा. तुमची पदवी मेकॅनिकलची आणि काम सॉफ्टवेअरचं असेल, तर नव्या वकिलाशी पहिलं बोलणं यावरच करा. पदाचं नाव भारदस्त करण्याच्या नादात कामाचं वर्णन मोघम होतं, आणि मोघम वर्णनाला हमखास प्रश्न येतात.

ग्रीन कार्डचं काय होईल ही भीती बहुतेकांना असते. प्रायॉरिटी डेट तुमच्याबरोबर येते. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटले असतील तर जुन्या कंपनीने ती मागे घेतली तरी एच-१बीच्या मुदतवाढीसाठी ती चालते. नव्या कंपनीला मात्र पर्म (श्रम खात्याची मंजुरी) आणि आय-१४० पहिल्यापासून करावं लागतं, त्यात दोनएक वर्षं सहज जातात. तुमची तारीख २०१९ ची, आणि ईबी-२ भारताची रांग २०२५ च्या अखेरीस २०१३ च्या आसपास होती. नोकरीच्या आधारावरची वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं सगळ्या जगासाठी, एका देशाला सात टक्के, हे गणित आहे तोवर तुमच्याकडे पर्म नव्याने करण्याइतका वेळ नक्की आहे. ऑफर लेटरमध्ये "पर्म कधी सुरू करणार" हे तारखेसकट मागून घ्या. "आम्ही ग्रीन कार्ड करतो" हे वाक्य पुरेसं नाही.

आता पत्नीचं कार्ड. तुम्ही प्रश्नात ते ओझरतं लिहिलंय, मला तुमच्या फायलीत सगळ्यात आधी तेच दिसलं. तुमच्या कंपनीने मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला तर मुदत संपल्यावरही तुम्हाला २४० दिवस काम करता येतं. पत्नीला तसं काही उरलेलं नाही. ईएडीचं नूतनीकरण रखडलं तरी ५४० दिवसांपर्यंत आपोआप मिळणारी मुदतवाढ, ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना मिळत नाही. नवं कार्ड वेळेत आलं नाही तर जुनं संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून काम बंद. त्यात पूर्वी तुमच्या प्रीमियमच्या फायलीबरोबर एच-४ आणि ईएडीचे अर्जही एकत्र निकाली निघायचे, ती एका खटल्यातली तडजोड होती आणि तिची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली. आता तुमचं तीन आठवड्यांत झालं म्हणून त्यांचं होईल याची हमी नाही. नूतनीकरणाचा अर्ज १८० दिवस आधी करता येतो, म्हणजे तुम्हाला महिन्याभरात. त्या तारखेच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेलाच पाहिजे. माझ्या मते तुमच्या ट्रान्सफरची तारीखही याच्याभोवती ठरवा: तुमची तीन वर्षांची मुदतवाढ, त्यांचा एच-४ आणि ईएडी, सगळं एकाच पाकिटात. त्यांच्या एचआरला आत्ताच सांगून ठेवा की मध्ये थोडी रजा लागू शकते. आणि तुम्ही भारतात गेलात तरी त्या आणि मुलगा शक्यतो इथेच राहू देत. तुमचा मुक्काम काही महिन्यांवर गेला तर मात्र वकिलाला विचारा, कारण एच-४ तुमच्या एच-१बीच्या आधारावर उभा असतो.

एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे मी चांगली माणसं अडचणीत आलेली पाहिली आहेत. परत येताना पासपोर्टची मुदत एच-१बीच्या आधी संपत असेल तर विमानतळावर आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच मिळतं. मंजुरी २०२९ ची, आय-९४ पुढच्या वर्षीचं, आणि घरात कोणाचंच लक्ष नाही. दर वेळी आत आल्यावर आय-९४ ऑनलाइन उघडून तारीख बघायची, तिघांचीही.

नोकरी गेली तर काय, हे विचारलं नाहीत, पण मनात असणारच. जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, किंवा आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच. दिवस नोकरीच्या शेवटच्या दिवसानंतर मोजायचे. सेव्हरन्स तीन महिन्यांचा मिळाला म्हणून मुदत वाढत नाही. त्या ६० दिवसांत नव्या कंपनीचा अर्ज दाखल झाला पाहिजे. नाहीच झाला तर बी-२ (पर्यटक व्हिसा) साठी अर्ज करून इथे थांबता येतं, पण काम करता येत नाही, आणि त्या अवस्थेतून एच-१बीमध्ये स्टेटस बदलून देणं खात्याने नाकारलं तर वर सांगितलेली रक्कम मध्ये येऊ शकते. म्हणून पहिल्या तीन-चार आठवड्यांचं महत्त्व आता फार वाढलंय. रेझ्युमे, जुन्या मंजुऱ्या, पगाराच्या पावत्या, आय-१४० ची प्रत स्वतःजवळ ठेवा. आय-१४० कंपनीची मालमत्ता म्हणून प्रत न देणारे असतात, निदान पावतीचा क्रमांक तरी मागून घ्या.

मुलगा तेरा वर्षांचा आहे, एकविसाव्या वर्षापर्यंतच तो तुमच्या अर्जात मोडतो, तेव्हा आठ वर्षं आहेत. १५ ऑगस्ट २०२५ पासून मुलांचं वय (ग्रीन कार्डाच्या मोजणीत) गोठवण्यासाठी खातं पुन्हा अंतिम कारवाईची, म्हणजे ग्रीन कार्ड प्रत्यक्ष देता येण्याची, तारीख धरतं, आधी त्याहून पुढची तारीख धरत होते. म्हणजे एकविसाव्या वर्षी त्याला स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढावा लागण्याची शक्यता धरून कॉलेजच्या खर्चाचं नियोजन करा. याहून जास्त आज त्यावर करण्यासारखं काही नाही.

राहिला गाशा गुंडाळण्याचा प्रश्न. परत जायचं असेल तर वडिलांसाठी जा, मुलाच्या शाळेसाठी जा, तिथे चांगलं काम मिळतंय म्हणून जा. नियमांना कंटाळून तिसऱ्या देशात जाणार असाल तर तिथलेही नियम स्थिर नाहीत. ब्रिटनने कुशल कर्मचाऱ्यांची पगारमर्यादा एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० केली आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७००. कायमच्या वास्तव्यासाठी पाचाऐवजी दहा वर्षांचा प्रस्तावही आणला. कॅनडाने जुलै २०२३ मध्ये एच-१बीवाल्यांसाठी १० हजार परवाने काढले, ते दोन दिवसांच्या आत संपले आणि ती योजना तिथेच थांबली. जी दारं उघडतात ती थोडा वेळच उघडी राहतात.

तर तुमच्यासाठी क्रम असा: हा महिना कागद गोळा करण्याचा आणि नव्या वकिलाशी बोलण्याचा. १८० दिवसांची तारीख आली की ट्रान्सफर, एच-४ आणि ईएडी एकत्र, तुमचा प्रीमियमने. मंजुरीनंतर राजीनामा. प्रवास त्याच्याही नंतर, पत्नीचं कार्ड हातात आल्यावर जमला तर उत्तम. मुलाखतीची तारीख मिळाल्याशिवाय तिकीट काढू नका आणि परतीचं तिकीट बदलता येणारं घ्या. वडिलांची तब्येत आधीच बिघडली तर हा क्रम बाजूला ठेवून आत्ताच्या कंपनीच्या कागदांवर निघा, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पत्नीच्या अर्जावरच्या सगळ्या सह्या, तुमच्यासुद्धा, करून ठेवा. तो अर्ज तुमच्या परतण्यासाठी थांबता कामा नये.